जुनी गाडी गरम होते? कूलिंगमधला दोष शोधताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी गरम होते म्हणून थर्मोस्टॅट (इंजिन तापेपर्यंत रेडिएटरची वाट बंद ठेवणारी झडप) बदलला, मग पंप बदलला, मग रेडिएटर. तरी काटा वर जातोच. येणाऱ्या प्रश्नांपैकी निम्म्यांची सुरुवात अशी असते. गाडी कधी गरम होते आणि पाणी कुठे जातं, या दोन गोष्टी नीट पाहिल्या तर बहुतेक वेळा एकही पार्ट विकत न घेता दोष सापडतो. खालची उत्तरं लोखंडी किंवा अ‍ॅल्युमिनियम हेडच्या (हेड म्हणजे सिलिंडरांवर बसणारा इंजिनाचा वरचा भाग), पाण्याने थंड होणाऱ्या जुन्या पेट्रोल आणि डिझेल गाड्यांना धरून आहेत.

१. काटा किती वर गेला की गाडी गरम झाली म्हणायची?

बहुतेक इंजिनं ८५ ते १०० अंश सेल्सिअसच्या दरम्यान चालतात. काट्याची नेहमीची जागा प्रत्येक गाडीत वेगळी असते, त्यामुळे आकड्यापेक्षा बदल महत्त्वाचा. कायम मध्यावर थांबणारा काटा चढावर बोटभर वर जाऊन सपाटीवर परत येत असेल तर जुन्या गाडीत ते चालतं. तो परत आला नाही, किंवा आठवड्यागणिक थोडा थोडा वर सरकत असेल, तर तपासणीची वेळ झाली.

उलट बाजूही लक्षात ठेवा. काटा चढून अचानक ‘थंड’वर पडला तर गाडी सुधारली असं समजू नका. पाणी इतकं कमी झालेलं असू शकतं की सेन्सरचं टोक वाफेत उघडं पडलंय, आणि वाफेत तो नीट मोजत नाही. लगेच गाडी थांबवा.

२. काटा लाल पट्टीकडे चाललाय. या क्षणी काय करू?

एसी बंद करा. हीटर पूर्ण गरमवर आणि त्याचा पंखा पूर्ण वेगावर ठेवा. हीटर म्हणजे एक छोटा रेडिएटरच आहे. काटा तरी उतरला नाही, किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागी थांबून इंजिन बंद करा. बोनेट उघडा, पण रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. आत दाब असताना पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटताक्षणी ते उकळून चेहऱ्यावर येतं.

किमान अर्धा-पाऊण तास थांबा. वरचा होज (इंजिन आणि रेडिएटर जोडणारी वरची जाड रबरी नळी) हाताने दाबून मऊ लागला की झाकणावर जाड कापड ठेवून ते पहिल्या खाचेपर्यंतच फिरवा, फुसफुस पूर्ण थांबू द्या, मग काढा. तापलेल्या इंजिनात गार पाणी एकदम ओतलं तर हेडला तडा जाऊ शकतो. इंजिन निवल्यावर, ते चालू ठेवून, थोडं थोडं ओता.

३. तपासणी सुरू कुठून करू?

गाडी कधी गरम होते, इथून. हे लिहूनच ठेवा.

थांबल्यावर किंवा ट्रॅफिकमध्ये तापते आणि रस्ता मोकळा मिळाला की उतरते: हवा कमी पडते आहे. फॅन, फॅनचं आवरण, बाहेरून चोंदलेली रेडिएटरची जाळी पाहा (प्रश्न ८ आणि ९).

ट्रॅफिकमध्ये ठीक, पण वेगात किंवा चढावर तापते: पाणी पुरेसं फिरत नाही किंवा रेडिएटर आतून बंद झालाय (प्रश्न १० आणि ११).

सुरू केल्यावर पाच-दहा मिनिटांतच तापते: थर्मोस्टॅट बंद अडकलाय, आत हवा आहे किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) उडाली आहे (प्रश्न ६, १४, १२).

कधीही, कशाही तापते: आधी पाण्याची पातळी.

हे ठरल्यावर थंड इंजिनावर या क्रमाने जा: पातळी, झाकण, होज आणि क्लॅम्प, बेल्ट, फॅन, मग थर्मोस्टॅट, आणि शेवटी रेडिएटर व पंप. स्वस्त आणि हाताशी असलेल्या गोष्टी आधी येतात म्हणून हा क्रम. पातळी बघताना फक्त प्लास्टिकच्या टाकीवर विसंबू नका. रेडिएटरवर वेगळं झाकण असेल तर तेही उघडून बघा. टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा, हे नेहमी सापडतं.

४. रेडिएटरचं झाकण बदलल्याने खरंच फरक पडतो का?

पडतो, आणि सर्वात जास्त दुर्लक्ष याच पार्टकडे होतं. झाकण आत दाब धरून ठेवतं आणि दाबामुळे उकळबिंदू वर जातो. समुद्रसपाटीला साधं पाणी १०० अंशांना उकळतं. सुमारे १ बार दाबाचं झाकण बसवलं की तेच जवळपास १२० ला. निम्मं कूलंट (पाण्यात मिसळायचा, गोठणं आणि गंज रोखणारा द्रव), निम्मं पाणी असेल तर १२५ च्याही पुढे. झाकणाची स्प्रिंग थकली की ही सगळी जागा हातची जाते: काटा जेमतेम वर गेला तरी गाडी पाणी बाहेर फेकते.

झाकण उलटं धरून बघा. खालच्या रबरी चकतीवर रेडिएटरच्या तोंडाची गोल खूण खोल उमटली असेल, रबर कडक किंवा चिरलेलं असेल, तर ते गेलं. मधली छोटी तबकडी नखाने ओढून सोडा; ती टचकन परत बसली पाहिजे. ही तबकडी इंजिन निवताना टाकीतलं पाणी परत आत घेते. ती अडकली की सकाळी वरचा होज चपटा झालेला दिसतो.

नवीन झाकण मूळ आकड्याचंच घ्या. फार जुन्या गाड्यांत ०.५ बारच्या आसपास, नंतरच्यांत ०.९ ते १.१ बार असतं. जास्त दाबाचं झाकण लावून गाडी थंड राहत नाही. दाब कमकुवत होजवर, हीटरवर आणि रेडिएटरच्या जोडांवर येतो. झाकणाच्या मानेची लांबीही जुळली पाहिजे, नाहीतर खालची चकती टेकतच नाही.

५. गाडी पाणी खाते, पण खाली एक थेंब दिसत नाही. पाणी जातं कुठे?

आधी हे तपासा की गाडी खरंच पाणी खाते का. वेगळी टाकी नसलेल्या जुन्या रेडिएटरमध्ये काठोकाठ भरलं तर गरम झाल्यावर फुगलेलं पाणी ओव्हरफ्लोच्या नळीतून बाहेर पडणारच. तोंडाच्या २ ते ३ सेंटिमीटर खाली ठेवा आणि आठवडाभर पाहा. पातळी तिथेच थांबली तर दोष नाही.

खरंच कमी होत असेल तर प्रेशर टेस्टर लावा: हातपंपासारखं साधन, झाकणाच्या जागी बसतं. झाकणावर लिहिलेल्या दाबापर्यंतच पंप मारा आणि १५ मिनिटं काट्यावर लक्ष ठेवा. एकदा थंड इंजिनावर करा, एकदा गरम. काही गळत्या फक्त थंडीत होतात, कारण क्लॅम्पखालचं रबर आकसतं. काही फक्त गरम असताना होतात आणि थेंब गरम धातूवर पडून तिथेच सुकतो. तिथे पांढरा, हिरवट किंवा गंजासारखा डाग मागे राहतो. टॉर्च घेऊन डाग शोधा.

शोधायच्या जागा: होजची टोकं, रेडिएटरच्या प्लास्टिक टाकीचा आणि जाळीचा जोड, थर्मोस्टॅटचं घर, पंपाखालचं भोक (प्रश्न ११), आणि ब्लॉकच्या बाजूला ठोकून बसवलेल्या पत्र्याच्या गोल टोप्या. या टोप्या आतून गंजतात आणि बहुतेक वेळा एखादी मॅनिफोल्डच्या मागे दडलेली असते. पुढच्या सीटच्या पायाखालचं कार्पेट दाबून बघा. ते ओलसर असेल, आत गोडसर वास येत असेल आणि काचेवर आतून चिकट धुकं बसत असेल तर हीटरची जाळी फुटली आहे.

दाब उतरतो पण बाहेर कुठेच ओल नाही, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय. प्रश्न १२ पाहा.

६. थर्मोस्टॅट खराब आहे हे कसं ओळखू?

गाडीवरच: थंड इंजिन सुरू करा आणि वरच्या होजवर हात ठेवा. पंखा आणि बेल्टपासून बाही, ओढणी, केस दूर ठेवा. पहिली काही मिनिटं होज थंड राहिला पाहिजे आणि काटा मध्याजवळ आल्यावर थोड्याच वेळात चटकन गरम झाला पाहिजे. पहिल्या मिनिटापासून हळूहळू कोमट होत गेला तर थर्मोस्टॅट उघडा अडकलाय. काटा लालकडे आणि होज थंडच, तर बंद अडकलाय. ज्या इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होजच्या बाजूला असतो तिथे हीच परीक्षा खालच्या होजवर करा.

काढून बघायचं तर: बंद झडपेच्या फटीत दोरा अडकवा आणि थर्मोस्टॅट त्याच दोऱ्याने पाण्याच्या भांड्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका. शेजारी थर्मामीटर धरा आणि मंद आचेवर पाणी तापवा. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टपकन खाली पडतो. त्या क्षणीचं तापमान त्याच्यावर कोरलेल्या आकड्याच्या, म्हणजे ८२ किंवा ८८ वगैरेंच्या, दोन-तीन अंश अलीकडे-पलीकडे हवं. पुढच्या १० ते १५ अंशांत तो पूर्ण उघडला पाहिजे आणि गार पाण्यात टाकल्यावर पूर्ण मिटला पाहिजे. पूर्ण न मिटणारा थर्मोस्टॅटही बाद.

बसवताना स्प्रिंगची, मेणाच्या डबीची बाजू इंजिनाकडे. छोटं हवेचं भोक किंवा लटकती पिन असेल तर ती वरच्या बाजूला. उलटा बसवलेला नवा थर्मोस्टॅट उशिरा उघडतो किंवा उघडतच नाही.

७. थर्मोस्टॅट काढूनच टाकला तर गाडी थंड राहील ना?

नाही, आणि हा उपाय सुचवणं आता थांबायला हवं. थर्मोस्टॅट नसला की इंजिन गरम व्हायला खूप वेळ लागतो, पेट्रोल जास्त जळतं, ऑइलमध्ये ओल साचते आणि सिलिंडर लवकर झिजतात. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला खाली दुसरी तबकडी असते. मुख्य झडप उघडली की ती बायपासची वाट बंद करते. थर्मोस्टॅट काढला की ती वाट कायम उघडी राहते आणि पाण्याचा मोठा भाग रेडिएटरला न जाताच इंजिनात फिरत राहतो. अशी गाडी चढावर आधीपेक्षा जास्त तापते.

थर्मोस्टॅट काढून गाडी बरी वाटत असेल तर एक तर तो खराब होता, नाहीतर रेडिएटर किंवा पंप अशक्त आहे आणि तो दोष झाकला गेलाय.

८. ट्रॅफिकमध्ये तापते. विजेचा फॅन चालू होत नाही किंवा उशिरा होतो.

आधी फ्यूज, मग रिले. ते ठीक असतील तर रेडिएटरवरच्या थर्मो स्विचचा कनेक्टर काढा आणि दोन तारांचा स्विच असेल तर त्या दोन तारा एकमेकींना जोडा. फॅन फिरला तर स्विच गेलाय. नाही फिरला तर फॅनच्या मोटरला बॅटरीवरून थेट वायर द्या. मोटर फिरली तर दोष मधल्या वायरिंगमध्ये किंवा अर्थमध्ये. नाही फिरली तर मोटरच गेली. फॅन इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो, तेव्हा बोटं आणि सैल कपडे दूर.

स्विच नवा आहे तरी उशिरा लागतो? त्याच्या टोकापाशी पाण्याऐवजी हवा अडकलेली असू शकते (प्रश्न १४).

मोटर बदलल्यानंतर तारा उलट जोडल्या गेल्या की फॅन फिरतो, आवाजही येतो, पण हवा उलटी जाते. फॅन चालू असताना रेडिएटरसमोर, जाळीला लागून कागद धरा. फॅन मागे असेल तर कागद जाळीला चिकटला पाहिजे.

९. आमच्या गाडीचा फॅन बेल्टवर फिरतो. तो कसा तपासायचा?

बेल्टच्या सर्वात लांब भागावर अंगठ्याने दाबा; साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला पाहिजे. चकाकणारी, गुळगुळीत बाजू म्हणजे बेल्ट घसरतोय.

फॅनच्या मध्ये जाड गोल डबी असेल तर ती तेलाच्या घट्टपणावर चालणारी कपलिंग. इंजिन बंद करून, पूर्ण गरम असताना, फॅन हाताने ढकला. तो स्पष्ट अडून फिरला पाहिजे. मोकळा दोन-तीन फेऱ्या मारत असेल, किंवा डबीच्या तोंडावर तेलाचे फराटे असतील, तर कपलिंग गेली. फॅनभोवतीचं प्लास्टिकचं आवरण कुणी काढून फेकलं असेल तर ते परत बसवा. त्याशिवाय फॅन फक्त आपल्या समोरच्या वर्तुळापुरतीच हवा ओढतो.

१०. वेगात तापते, ट्रॅफिकमध्ये नाही. रेडिएटर की आणखी काही?

आधी बाहेरून पाहा. एसीच्या गाडीत एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या मधल्या फटीत माती, किडे, पिसं यांचा नमदा बसतो आणि समोरून अजिबात दिसत नाही. इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेने, साध्या दाबाच्या पाण्याने धुवा. जोरदार फवाऱ्याने नाजूक पट्ट्या आडव्या होतात.

आतून चोंदलाय का हे कळायला इंजिन गरम असताना इन्फ्रारेड थर्मामीटरने जाळी टप्प्याटप्प्याने मोजा. चकचकीत धातूवर हे साधन चुकतं, म्हणून तिथे काळी मॅट टेप लावून मोजा. पाणी शिरतं तिथून निघतं तिथपर्यंत तापमान हळूहळू उतरायला हवं. मध्येच एकदम थंड पट्टा लागला तर तिथल्या नळ्या बंद आहेत. दोन टोकांतल्या फरकावरून आणखी एक गोष्ट कळते: इंजिन तापलंय आणि फरक अगदी थोडा, तर हवा किंवा जाळी कमी पडते, फरक फार मोठा, तर पाणी सावकाश फिरतंय, म्हणजे पंप, थर्मोस्टॅट किंवा अडथळा.

आणि खालचा होज. हा पंपाच्या ओढीच्या बाजूला असतो. इंजिन गरम असताना कुणाला तरी २५०० ते ३००० आरपीएमवर धरायला सांगा आणि होज बघा. तो चिमटल्यासारखा आत जात असेल तर आतली स्प्रिंग गंजून गेली आहे किंवा होज मऊ पडलाय. उभ्या गाडीत, आयडलवर, हा होज अगदी धडधाकट दिसतो.

११. वॉटर पंप गेला हे कशावरून?

पंपाच्या पोटाखाली एक छोटं भोक असतं. सील गळायला लागलं की पाणी तिथून बाहेर येतं, जेणेकरून ते बेअरिंगमध्ये जाऊ नये. तिथे ओघळ दिसला तर पंप बदला. ते भोक कधीही बुजवू नका. बेल्ट सैल करून पुली हलवा: कडकड किंवा खरखर जाणवली तर बेअरिंग गेलं.

फसवा प्रकार म्हणजे बाहेरून कोरडा पंप, पण आतली पाती गंजून झिजलेली, किंवा प्लास्टिकची पाती दांड्यावर सैल झालेली. थर्मोस्टॅट उघडल्यावरही हीटर आयडलवर थंड आणि रेस केल्यावर गरम होत असेल, पाणी पुरेसं असेल आणि हवा काढलेली असेल, तर पंप काढून पाती डोळ्यांनी बघा.

१२. हेड गॅस्केट उडाली आहे का? हेड काढण्याआधी खात्री कशी करू?

एका लक्षणावर निर्णय घेऊ नका; किमान दोन परीक्षांचा निकाल जुळू द्या.

पहिली: रात्रभर थंड झालेली गाडी सुरू करा आणि वरचा होज दाबा. एक-दोन मिनिटांत, पाणी कोमटही झालेलं नसताना, तो दगडासारखा कडक झाला तर आत ज्वलनाचा वायू शिरतोय. पाण्याच्या प्रसरणाने इतक्या लवकर इतका दाब येत नाही.

दुसरी: थंड इंजिनावर झाकण काढून सुरू करा. सुरुवातीचे बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबलेच नाहीत आणि रेस केल्यावर वाढले तर संशय पक्का होतो.

तिसरी, सर्वात भरवशाची: निळ्या द्रवाची टेस्ट किट. रेडिएटरमधलं पाणी सुमारे ५ सेंटिमीटर खाली करा, म्हणजे कूलंट नळीत ओढलं जाणार नाही. गरम, चालू इंजिनावर तोंडातली हवा निळ्या द्रवातून ओढा. पेट्रोल गाडीत तो पिवळा झाला तर ज्वलनाचा वायू आहे. डिझेलसाठी किटवर दिलेला रंग पाहा. कूलंट द्रवात गेलं असेल तर निकाल धरू नका, पुन्हा करा.

चौथी: प्रेशर टेस्टर लावून रात्रभर दाब ठेवा. सकाळी सगळे स्पार्क प्लग काढा, इग्निशनची जोडणी काढा, बाजूला उभं राहून स्टार्टर मारा. एखाद्या भोकातून फवारा आला तर तो सिलिंडर सापडला. वाफेने धुतलेला प्लगही बाकीच्यांपेक्षा विलक्षण स्वच्छ दिसतो.

किट निळी राहिली म्हणून गॅस्केट धडच असं नाही. पाण्याच्या वाटेतून ऑइलच्या वाटेत किंवा थेट बाहेर फुटलेली गॅस्केट या टेस्टमध्ये कळत नाही. हेड काढलंच तर पट्टी ठेवून ते सरळ आहे का आणि तडे आहेत का हे तपासल्याशिवाय नवी गॅस्केट बसवू नका.

१३. ऑइलच्या झाकणाखाली पांढरी साय दिसते. गॅस्केट गेली?

फक्त झाकणाखालीच असेल तर बहुधा नाही. गाडी रोज दोन-तीन किलोमीटरच चालत असेल तर ऑइलमधली ओल उडून जात नाही आणि तिथे साय धरते. अर्धा-पाऊण तास सलग चालवून झाकण पुसा आणि आठवड्याने बघा. डिपस्टिकवरचं ऑइलच दुधी चहासारखं झालं असेल तर मात्र इंजिन चालूसुद्धा करू नका.

ऑटोमॅटिक गाडीत कूलंट गुलाबी, दुधी झालं असेल तर रेडिएटरच्या आतला गिअर ऑइलचा कूलर फुटलाय. तो वेगळा दोष आहे आणि गिअरबॉक्सला त्याचा धोका जास्त.

१४. पाणी बदलल्यापासूनच तापते. हवा कशी काढू?

गाडीचं नाक उंच करा, म्हणजे भरायचं तोंड सर्वात वर येईल. हीटर पूर्ण गरमवर ठेवा. हवेचे स्क्रू असतील तर उघडून सावकाश भरा. सलग पाणी आलं की बंद करा. झाकण काढून इंजिन आयडलवर ठेवा, वरचा होज हाताने दाबत-सोडत राहा, पातळी उतरेल तशी भरा. थर्मोस्टॅट उघडला की पातळी एकदम खाली जाईल. तेव्हा भरून झाकण लावा. हीटरमधून सतत गरम हवा येऊ लागली की काम झालं. दुसऱ्या दिवशी थंडावल्यावर पातळी पुन्हा पाहा. दरवेळी नव्याने हवा जमत असेल तर प्रश्न १२.

१५. कूलंट किती आणि कोणतं? नुसतं पाणी चालत नाही का?

नुसतं पाणी उष्णता चांगली वाहून नेतं, पण गंज रोखत नाही. नळाच्या जड पाण्याने आत खडूसारखा थर बसतो. निम्मं कूलंट आणि निम्मं डिस्टिल्ड पाणी ठेवा. हे मिश्रण सुमारे उणे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही. कूलंटचं प्रमाण ७० टक्क्यांच्या पुढे नेऊ नका. उष्णता वाहून नेण्याची ताकद घटते.

फ्लश केल्यावर ब्लॉकमध्ये थोडं पाणी उरतंच. म्हणून एकूण ७ लिटरची क्षमता असेल तर आधी ३.५ लिटर न मिसळलेलं कूलंट ओता, मग राहिलेली जागा डिस्टिल्ड पाण्याने भरा. तांब्या-पितळेच्या रेडिएटरच्या गाडीत पारंपरिक, सिलिकेट असलेलं कूलंट घ्या आणि दर २ वर्षांनी बदला. रंगावरून प्रकार ठरवू नका, दोन प्रकार मिसळू नका.

जुनं कूलंट अजून कामाचं आहे का? मल्टिमीटरचं काळं टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल टोक धातूला न लावता कूलंटमध्ये बुडवा. ०.३ व्होल्टच्या वर आकडा आला तर ते बदला. नव्या कूलंटवरही तोच आकडा येत असेल तर कुठलीतरी अर्थ सैल आहे.

इथिलिन ग्लायकॉलचं कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. सांडलेलं लगेच पुसा; मुलं आणि जनावरं ते चाटू शकतात.

१६. काटाच खोटं सांगत असेल तर?

शक्य आहे, म्हणून पार्ट बदलण्याआधी थर्मोस्टॅटच्या घरावर थर्मामीटर लावून पडताळा. एका वायरचा सेन्सर असलेल्या बहुतेक जुन्या गाड्यांत वायर काढली की काटा पूर्ण थंडवर आणि ती क्षणभर इंजिनाला टेकवली की पूर्ण गरमवर जातो. तसं झालं तर काटा आणि वायर ठीक, सेन्सर संशयित.

तापमानाचा काटा आणि पेट्रोलचा काटा दोन्ही एकाच वेळी जास्त दाखवू लागले तर इंजिनाकडे जाऊच नका. अनेक जुन्या गाड्यांत दोन्ही काट्यांना सुमारे १० व्होल्ट देणारा एकच स्टॅबिलायझर डॅशबोर्डमागे असतो. तो किंवा त्याची अर्थ बिघडली की टाकी भरलेली आणि इंजिन तापलेलं, दोन्ही खोटं दिसतं.

१७. गाडी बंद केल्यावर काटा वाढतो. हे धोक्याचं आहे का?

नाही. पंप थांबतो, पण हेडमधली उष्णता पाण्यात उतरत राहते. परत सुरू केल्यावर एक-दोन मिनिटांत काटा जागेवर यायला हवा. बंद केल्यावर पाणीही बाहेर येत असेल तर प्रश्न ४.

१८. गळती बंद करणारी पावडर किंवा द्रव टाकू का?

घरी पोहोचण्यापुरतं, दुसरा मार्गच नसेल तर. ते गळतीचं भोक आणि हीटरच्या बारीक नळ्या यांत फरक करत नाही. आधीच अर्धवट चोंदलेल्या रेडिएटरमध्ये टाकलं तर तो बाद होण्याची शक्यता मोठी. वापरलं असेल तर दुरुस्तीनंतर पूर्ण फ्लश करा.

१९. कूलिंगमधलं सगळं तपासलं, सगळं ठीक आहे, तरी तापते.

मग उष्णता जास्त तयार होते आहे. इग्निशनचं टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे पडलं की जळण उशिरा होतं आणि बरीच उष्णता एक्झॉस्टच्या वाटेने हेडला तापवते. टायमिंग लाइटने आकडा पाहा, व्हॅक्यूमची नळी फाटलेली नाही ना हेही बघा. कार्ब्युरेटरखालची गॅस्केट हवा खेचत असेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं. चोंदलेला सायलेन्सर, सरकणारी क्लच यांनीही काटा चढतो. ब्रेक अडकून चाक जड झालंय का, हे बघायला थोडी गाडी चालवून हाताने न शिवता चारही चाकांच्या मध्यावर इन्फ्रारेड थर्मामीटर धरा. एक चाक बाकीच्यांपेक्षा खूप गरम असेल तर दोष तिथे आहे.

हेही ठीक निघालं तर इंजिनाच्या ब्लॉकमध्ये तळाशी बसलेला गंज आणि गाळ पाहा. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढल्यावर पाणी धारेने न येता टिपटिप आलं, किंवा तार घातल्यावर चिखल लागला, तर मागच्या सिलिंडरभोवतीची जागा भरलेली आहे. रेडिएटर कितीही नवा असला तरी तिथे पाणी पोहोचतच नाही. ब्लॉकच्या बाजूच्या टोप्या काढून तो गाळ बाहेर काढावा लागतो.